चाचांनी ‘वाढव’ म्हटलं तेव्हा

जळालेल्या मोटारी भरणं हा माझा धंदा. विहिरीवरची, बोअरमधली, पिठाच्या गिरणीची, कसलीही मोटार आणा. जळकी तार उलगडून, नवी भरून, संध्याकाळपर्यंत फिरती करून देतो. गेवराईत माझ्यापेक्षा चांगला वाइंडिंगवाला असेल, तर तो मला तरी अजून भेटलेला नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढं माझी अक्कल थोडी उघडी पडणार आहे आणि वाचणाऱ्याला वाटायला नको की हा गडी मुळातच बिनडोक होता. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, ही म्हण माझ्या जातकुळीच्या माणसांसाठी झालेली आहे.

ड्रोनचा नाद मला चाळिशीनंतर लागला. लग्नाचं शूटिंग करणाऱ्या एकानं त्याचा बंद पडलेला ड्रोन दुकानात आणून टाकला. मोटार म्हटलं की लोक माझ्याकडे येतात, मग ती पाच हॉर्सपॉवरची असो की करंगळीच्या पेराएवढी. मी ती पेराएवढी मोटार उघडली, आतली केसासारखी तार बघितली आणि दोन दिवस दुसऱ्या कामाला हात लावला नाही. बायको म्हणाली, “त्या शेतकऱ्याची मोटार भरून द्या आधी, कांदा वाळून चाललाय त्याचा.” दिली भरून. पण डोक्यात ते चार पंखे फिरायला लागले होते ते लागलेच.

वर्षभरात मी स्वतःचा ड्रोन बांधला. फ्रेम आणि पंखे मागवले, बॅटरी मात्र सेल निवडून निवडून स्वतः जोडली. पाण्यानं भरलेल्या तांब्याएवढं वजन. नोंदणीही केली, कारण कागदाच्या बाबतीत मी पक्का आहे. माळावर सतरंजी टाकून बसायचं, डोळ्यांवर गॉगल चढवायचा, की पुढच्या कॅमेऱ्यातून जे दिसेल ते आपल्याला दिसतं. बूड सतरंजीवर आणि नजर ज्वारीच्या वरून पळतेय. पहिल्यांदा तसं उडलो तेव्हा मी मोठ्यानं हसलो होतो. बायकोला वाटलं, ऊन लागलं.

आता कायदा. तो अगदी साधा आहे. ड्रोन नजरेच्या टप्प्यात ठेवायचा आणि एकशेवीस मीटरच्या वर न्यायचा नाही. लांब उडवणाऱ्याला हे दोन्ही नियम जाचतात. नजरेचा टप्पा म्हणजे फार तर पाचशे मीटर. त्यापुढं तो ठिपका होतो आणि मग ठिपकाही राहत नाही. माझं स्वप्न गोदावरीचं होतं. आमच्या माळापासून नदी सरळ रेषेत सात किलोमीटर. नदीचं पाणी माझ्या गॉगलमध्ये दिसलं पाहिजे आणि यंत्र धडधाकट परत आलं पाहिजे, एवढंच मागणं होतं. मग मी त्या नियमाला एक पळवाट शोधली. नजरेच्या टप्प्यात ठेवायचं ना? पण कुणाच्या नजरेच्या? वाटेत मधोमध माझा माणूस उभा केला, त्यानं फोनवरून आभाळ सांगितलं, की झालं. कायद्यात असं काही लिहिलेलं नाही, हे मला पुरतं ठाऊक होतं. तरी मी ते स्वतःला पटवलं, आणि मी स्वतःला कुठलीही गोष्ट पटवू शकतो.

तो माणूस म्हणजे चाचा. माझ्या दुकानाला लागूनच त्यांचं बांगड्यांचं दुकान. साठी ओलांडली, पण दूरची नजर अशी की चौकाच्या पार पलीकडं उभ्या एसटीची पाटी वाचतात. जवळचं मात्र धूसर. हाताचं माप ते बोटांनीच घेतात. सबंध तालुक्यातल्या लेकीसुनांचे हात त्यांना पाठ आहेत. लग्नघरात चुडा भरायला बोलावणं आलं की पेटी उचलून निघाले.

चाचांचं एक बोलणं इथं सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही. बांगडीवाल्याच्या तोंडी ‘फुटणं’ हा शब्द नसतो, ते अशुभ. बांगडी फुटत नाही, वाढते. दुकानही बंद करायचं नसतं, वाढवायचं असतं. नारळ आपण सगळेच वाढवतो. पण चाचांनी तो शब्द साऱ्या जगाला लावून टाकला होता. “टीव्ही वाढव” म्हणजे टीव्ही बंद कर. “फोन वाढवतो” म्हणजे ठेवतो. एकदा थंडीच्या दिवसांत माझ्या दुकानात येऊन बसले आणि म्हणाले, “पंखा वाढव बेटा.” मी आपला चारवरून पाचवर केला. चाचा कानटोपी आवळत म्हणाले, “मारतो का बे मला?” तेव्हापासून मी त्यांना चिडवायचो, “चाचा, तुमच्या नोकरानं पगार वाढवा म्हणलं तर तुमी बंदच करताल की!” माझा ड्रोन पहिल्यांदा लिंबाच्या झाडात घुसून खाली आला, तेव्हाही त्यांनी तुकडे गोळा करत एवढंच म्हटलं होतं, “वाढलं बेटा.”

नदीचं उड्डाण मी दोनदा पुढं ढकललं होतं. एकदा गावोगाव ड्रोनची आवई उठली, की कुणीतरी आभाळातून घरं हेरतंय, चोऱ्या होणार. माणसं काठ्या घेऊन गच्चीवर बसायला लागली. त्या दिवसांत मी ड्रोन कपाटातून काढला नाही. आपला छंद आणि दुसऱ्याची झोपमोड, असला सौदा मला पटत नाही. दुसऱ्यांदा नदीकडच्याच एका ओळखीच्या माणसानं सांगितलं, “सध्या येऊ नगं. वाळूवाल्यांस्नी वाटंल तहसीलचा ड्रोन हाय.” तेही ऐकलं. म्हणजे बघा, मी काही बेफाम गडी नव्हतो. वारा बघायचो, बॅटरी मोजायचो, सिग्नल तुटला तर यंत्रानं स्वतःहून वर चढून घरी परत यावं, अशी सोयही करून ठेवली होती. मी तिला घरवापसी म्हणायचो आणि तिचा मला लई अभिमान होता.

तो दिवस ठरला मार्गशीर्षातला. आभाळ धुतल्यासारखं, वाऱ्याचं नाव नाही. आदल्या संध्याकाळी चाचा एका लग्नघरातून चुडा भरून थेट आमच्या घरी आले. तालेवार शेतकरी, गावच्या राजकारणातला वजनदार माणूस, एकुलती एक लेक. चाचा पेटी ठेवता ठेवता म्हणाले, “पोरगी हेलिकॉप्टरनं सासरी जाणार हाय म्हणं. शेतात चुन्याची फक्की मारून मोठा गोल आखलाय. मी बघून आलो.”

ते गाव आमच्या आणि नदीच्या मधेच, वाटेपासून जरा बाजूला. मी विचारलं, “चाचा, मुहूर्त कितीचा?”

“साडेबाराचा.”

“म्हंजी लागंल अडीचला,” मी हिशोब मांडला. “मग जेवणं, मग रुसवे, मग रडारड. पाठवणीला पाच वाजतेत. आपण तीनला उडू आन साडेतीनला घरी.”

बायको भाकरी थापत होती. ती मान न वळवता म्हणाली, “हेलिकॉप्टर कुणाच्या मामाचं हाय का, थांबायला?”

“नवरीच्या मामाबिगर लग्न लागत न्हाई, आन मामा येळंवर येत न्हाई,” मी म्हणालो. चाचा हसले. बायको हसली नाही. आमच्याकडं लग्न वेळेवर लागत नाही, या एका भरवशावर मी आभाळाची वेळ ठरवली. सूर्य उगवतो इतकी मला त्याची खात्री होती.

दुसऱ्या दिवशी तीनला आम्ही माळावर. मी सतरंजीवर, शेजारी बायको, तिच्यापुढं फोन, त्याचा आवाज मोठा करून ठेवलेला. साडेतीन किलोमीटरवर एका टेकाडावर चाचा, गाडी स्टँडवर लावून, हात कपाळावर धरून. मी उडालो.

जाताना सगळं मनासारखं झालं. तुरी पिवळ्या, कपाशी पांढरी, मधे उसाचे हिरवे चौकोन. चाचा फोनवर बोलले, “दिसलं. डोक्यावरून गेलं बघ.” मग ते दिसेनासं झालं आणि पुढची काही मिनिटं मी एकटा. अचानक जमीन संपली आणि पाणी आलं. रुंद, शांत, मधे वाळूची बेटं, एका बेटावर बगळे. मी ओरडलो, “आलो गं! गंगा दिसली!” आमच्याकडं गोदावरीला गंगाच म्हणतात. बायकोनं माझ्या गुडघ्यावर थाप मारली. “दिसली ना? आता फिरवा माघारी,” ती म्हणाली. पाण्यावर एक गोल फिरवून मी माघारी वळलो. तेवढा आनंद मला त्याआधी कशानंच झाला नव्हता, हे आजही मी न लाजता सांगतो.

परतीच्या वाटेवर, चाचांच्या टेकाडापर्यंत पोचायच्या आधीच, चित्र फाटायला लागलं. पडद्यावर मुंग्या. मधल्या टेकाडानं सिग्नल अडतोय, हे मला कळलं. अशा वेळी एकच उपाय असतो, उंची वाढवायची. मी बोट पुढं सारणार, तेवढ्यात फोनमधून चाचांचा आवाज आला, “वाढव!”

मला काय वाटलं असेल? वाटलं, वा चाचा, काय तयार झालेत! तिकडून बघून सांगतायत. मी वाढवली. शंभरवरून एकशेवीस.

“आरं वाढव! वाढव!”

एकशेचाळीस. चित्र स्वच्छ झालं. मी खूश.

“वाढव म्हंतो न्हवं! कावून ऐकंना गेलास बे?”

“वाढवतोय की चाचा! आजून किती वाढवू?”

एकशेसाठ. त्याच क्षणी बायकोनं माझा खांदा असा धरला की तिची नखं शर्टातून लागली. “आवो, चाचा बंद करा म्हंतेत! हेलिकॉप्टर हाय ते! ऐका की!”

मग ऐकू आलं. फोनमधून, चाचांच्या आवाजाच्या मागून, फटफट फटफट. घड्याळात सव्वातीन. बायको लहानपणापासून त्यांच्याकडं बांगड्या भरत आलेली. तिच्या कानाला तो शब्द एकाच अर्थानं ऐकू येतो. माझ्याच कानात मोटार भरलेली.

इथं मला एक गोष्ट समजावून सांगू द्या. मोठ्या अभिमानानं केलेल्या त्या घरवापसीनंच माझा गळा धरला. आता खाली उतरावं तर टेकाडाआड सिग्नल तुटणार; आणि सिग्नल तुटला की माझं शहाणं यंत्र स्वतःहून परत वर चढणार, थेट हेलिकॉप्टरच्या वाटेत. मी शिकवलं होतं तेच ते करणार होतं. जागेवर थांबवावं तर हेलिकॉप्टर कुठून येतंय हे मला दिसत नाही, कॅमेरा फक्त पुढं बघतो. आत एक लेक, जावई, वैमानिक. किलोभराचं लोखंड-तांबं पंख्यात गेलं तर काय होतं, हे मोटारवाल्याला वेगळं सांगावं लागत नाही. एकच उरलं होतं. हवेतच मोटारी बंद करायच्या. मग ते यंत्र नव्हे, एकशेसाठ मीटरवरून सोडलेला धोंडा. तो कुणाच्या डोक्यात?

“चाचा, खाली काय हाय? माझ्या ड्रोनच्या खाली!”

“कपाशी. बायका हायेत येचायला, नगं, नगं पाडू!”

“पुढं घेतो. सांगा!”

“घे. आजून. आजून घे. बांध आला... बायका मागं ऱ्हायल्या. आता निसता लिंब हाय आन रिकामं रान. आता वाढव!”

या वेळी मला अर्थ कळला. मी बटण दाबलं. गॉगलमध्ये आभाळ, रान, आभाळ, रान असं गरगर फिरलं आणि काळं झालं. मी गॉगल काढला. बायको उभी राहून नदीकडं बघत होती. थोड्याच वेळात ते पांढरं हेलिकॉप्टर आमच्या माळाच्या डावीकडून, फारसं उंच न चढता, निवांत निघून गेलं. तासावर भाड्यानं आणलेलं. वैमानिकानं घड्याळ दाखवून सगळ्यांना पंगतीतून लवकर उठवलं होतं, असं नंतर कळलं. मुहूर्ताला न जुमानणारं गाव एका वैमानिकापुढं वाकलं, आणि नेमकं त्याच दिवशी.

चाचा तासाभरानं आले. गाडीच्या डिकीत एका फडक्यात बांधलेले तुकडे. त्यांनी फडकं सतरंजीवर ठेवलं, पण ‘वाढलं’ म्हणाले नाहीत. “ड्रोनपासून हेलिकॉप्टर किती लांब होतं हो?” मी विचारलं. त्यांनी समोरच्या दोन रानांकडं बोट केलं. दोन रानं. त्या वेगाला दोन रानं म्हणजे एक श्वास. मग म्हणाले, “काल मी तिचे हात धरून बसलो होतो बेटा. घाबरत होती, आकाशात जायला.” त्यांचं तोंड मी तेवढं उतरलेलं कधी पाहिलं नव्हतं. मला माझी भयंकर लाज वाटली.

मी उडवणं सोडलं नाही, खोटं कशाला सांगू. चूक यंत्राची नव्हती, माझी होती. आणि स्वतःची चूक दुरुस्त करता येते, हे मला धंद्यानं शिकवलंय. नवा बांधला. आता तो माझ्या स्वतःच्या डोळ्यांना दिसेल तेवढाच लांब जातो, एकशेवीसच्या खाली राहतो आणि तालुक्यात हेलिकॉप्टर येणार असं कानावर जरी आलं तरी त्या दिवशी कपाट उघडत नाही. लांब उडवायला शिकवा म्हणत तरणी पोरं दुकानात येतात. त्यांना मी आधी मोटार भरायला बसवतो. निम्मी पळून जातात, आणि पळणाऱ्यांनी उडवू नये हेच बरं.

पण एक गोष्ट राहिली होती. नवरीच्या बापाला सांगायची. बायको रोज विचारायची, “गेलतात का?” मी म्हणायचो, “उद्या.” कधी वाइंडिंगचं काम, कधी लाइट नाही, कधी नुसतंच आज नको. एकशेसाठ मीटरवर न डगमगलेला माणूस एका बापाच्या ओसरीवर जायला घाबरत होता. पंधरा दिवस असे गेले, आणि एका सकाळी तोच माझ्या दुकानात आला. बोअरची जळालेली मोटार एका गड्यानं खाली उतरवली. त्याच्या स्वतःच्या हातात लग्नाच्या लाडवांचा डबा होता.

“मोटार नंतर,” तो बाकड्यावर बसत म्हणाला. “आदी हे बघा. परवा पोरीनं पाठिवलं.”

फोनवर व्हिडिओ होता, जावयानं हेलिकॉप्टरमधून काढलेला. आवाज नुसता घरघराट. खिडकीशी लेक, तोंड भीतीनं आवळलेलं. मग तिला बाहेर काहीतरी दिसतं. ती खिडकीला नाक लावते, नवऱ्याला बोटानं दाखवते. आभाळात एक काळा ठिपका. तिचं तोंड खुलतं. ती हसते आणि त्या ठिपक्याकडं बघून जोरजोरात हात हलवते. मग ठिपका खाली जातो आणि ती मान वाकडी करून तो कुठं गेला ते बघत राहते.

“आमाला वाटलं शूटिंगवाल्यांचाच,” बाप म्हणाला. त्याचा चेहरा फुलला होता. “पण ते म्हंतेत, आमचा ड्रोन तवा पेटीत होता. मग कुणीतरी बोललं, तुमी उडिवता म्हणून. तुमीच होतात न्हवं? लई झ्याक केलंत. पोर घाबरली होती, तुमचं बघून खुलली बघा. तुमच्याकडचं शूटिंग द्या की आमाला. तिला पाठिवतो.”

हो म्हणणं किती सोपं होतं. पलीकडं चाचांच्या दुकानातला बांगड्यांचा आवाज थांबला होता. ते ऐकत होते. मी हातातली तार खाली ठेवली.

“ते शूटिंग नव्हतं,” मी म्हणालो. “तुमचं हेलिकॉप्टर येणार हाय हे मला ठावं होतं. तरी मी माझ्या हौसंसाठी उडिवलं. तुमची लेक ज्याला हात करती, ते तिच्यावर आदळणार होतं. दोन रानं ऱ्हायलं होतं. मी पाडलं म्हणून खाली गेलं ते.”

तो माझ्याकडं बघत राहिला. मी मान खाली घातली नाही; शिवी, चप्पल, पोलीस, जे येईल ते घ्यायचं ठरवलं होतं. फोनवरचा व्हिडिओ संपून पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला होता. लेकीनं हात वर केला तिथं त्यानं तो बंद केला. मग अंगठ्यानं नंबर शोधायला लागला. दोनदा चुकला. तिसऱ्यांदा लागला, आणि तो माझ्याकडं पाठ करून दुकानाच्या उंबऱ्यात जाऊन उभा राहिला.

“काय न्हाई गं,” तो म्हणाला. “उगं केला फोन. जेवलीस का?”